जानरावांचं मीटर

त्या सकाळी जानराव ट्रकच्या टाकीत काठी बुडवून डिझेल पाहत होते आणि त्याच दमात ड्रायव्हर सहदेवला चोर म्हणत होते. टाकी खाली दिसली की त्यांना चोर दिसायचा, हा जुनाच स्वभाव. पण या वेळी त्यांच्याकडे साक्षीदार होता, ट्रकचं मीटर.

डिझेल कडाडलं त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या दुसरबीडात तेव्हा ट्रक एकट्या जानरावांचा. गावचा कापूस त्यातूनच देऊळगाव राजाला जायचा आणि भाडं पडायचं किलोमीटरवर. डिझेल महागलं तशी जानरावांना अन्नपाण्याची चव राहिली नाही. मग कुणीतरी कानात सांगितलं, मागच्या एक्सलमधलं दातेरी चक्र बदला, मिस्त्री लोक ज्याला क्राऊन म्हणतात ते. दातांचा हिशेब बदलला की चाक तेवढंच धावतं, पण इंजिनाला कमी फिरावं लागतं. कमी खाऊन तेवढंच काम! सालगड्यांना जानराव आयुष्यभर हेच शिकवत आले होते. आता इंजिनाची पाळी आली.

जालन्याच्या मिस्त्रीनं काम चोख केलं. जाताना म्हणाला, मालक, मीटरचं लहान चाकही बदलून घ्या. मीटर रस्ता मोजत नाही, मागं जाणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतं, आणि आता त्याच रस्त्याला फेरे कमी लागणार. जानराव हसले. मीटर काय डिझेल पितं, असं म्हणून त्यांनी ते काम उडवून लावलं. सहदेव शेजारीच उभा होता.

झालं असं, की ट्रक खरोखर कमी पिऊ लागला. पण जेवढं डिझेल वाचलं त्याहून जास्त किलोमीटर मीटरनं गिळले. जानरावांनी भागाकार केला तर ट्रक पहिल्यापेक्षा खादाड निघाला. सहदेवनं मिस्त्रीच्या बोलण्याची आठवण करून दिली. पण ते मानलं तर चूक जानरावांच्या पदरात पडत होती, आणि चूक पदरात घ्यायची त्या घराण्यात रीत नव्हती. त्यांनी ठरवून टाकलं, सहदेव डिझेल विकतो.

ट्रक नवा आला तेव्हापासून सहदेव त्याच्यावर होता. चोर म्हणून हाकललेल्या ड्रायव्हरला ना जालन्यात कुणी उभं करत ना खामगावात. त्याची बायको अन्नपूर्णा दिवसभर चूल न पेटवता बसली होती.

संध्याकाळी जानरावांनी मारुतीच्या पारावर गाव जमवलं आणि ताटलीत बेलभंडारा मांडून पुढं सरकवला.

"उचल बेलभंडारा," ते म्हणाले. "अन् म्हण, म्या डिझेल इकलं नाई."

सहदेव पाराच्या खालीच उभा राहिला. "मालक, आमच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला, हे सोडलं, तुमाले ठाव हाये. माह्या शब्दाले देवाचा जामीन लागत नाई."

"पाहा," जानराव लोकांकडं वळले, "चोरच बेलभंडाऱ्याले भेते."

ज्यांचा कापूस सहदेवनं चिखलातून, आडवाटेनं काढून दिला होता तेही आपापल्या वहाणांकडं पाहत बसले. पारक्या पाठीवर काठी पडत असली की आमच्या गावाची जीभ हमखास टाळूला चिकटते.

गोजरबाई तेवढी पुढं आली. नवरा गेल्यावर एकटीनं शेत ओढणारी बाई. तिचा कापूस दारात भरून तयार होता.

"जानराव, तुयं मीटर खरं हाये नं?"

"हाव काकू. लोखंडाची चीज, ते काऊन खोटं बोलीन?"

"मंग देवळगाव किती दाखवते ते?"

जानरावांनी ऐटीत आकडा सांगितला. भाड्याला धरायचे त्या आकड्यापेक्षा तो चांगलाच कमी होता.

"मंग भाडं त्याच आकड्यानं घे," गोजरबाई म्हणाली. "अन् क्राऊन बदलल्यापासून जे जास्तीचं घेतलं ते वापस दे."

आता मात्र गावाला वाचा फुटली. सहदेवसाठी जे तोंड उघडत नव्हते ते भाड्यासाठी उठून उभे राहिले. जानराव घाईघाईनं समजावू लागले, रस्ता तर तेवढाच आहे, सरकारनं दगड रोवून ठेवले आहेत, रस्ता काय आखडतो का. गोजरबाईनं त्यांना पुरतं बोलू दिलं.

"म्हंजे मीटर कमी दाखवते?"

जानरावांनी बेलभंडाऱ्याकडं पाहिलं, मग लोकांकडं. "तसं... दाखवते थोडं कमी."

"मंग सहदेव चोर कसा?"

जानरावांनी गुरवाला ताटली उचलायला सांगितली आणि सहदेवला म्हणाले, गैरसमज झाला, सकाळी काकूचा कापूस भर. भाडं जुनंच राहिलं, जास्तीचं परत द्यायची कटकट टळली, लोक धोतर झटकत उठू लागले.

सहदेव हलला नाही. ट्रकची किल्ली त्यानं खिशातून काढून तळहातावर धरली. गावात दुसऱ्या कुणाला ट्रक चालवता येत नव्हता.

"मालक, भाड्यासाठी तुमी मीटरले खोटं म्हणलं. आता माह्यासाठी म्हणा, सहदेव खरा हाये."

जानराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

"चोर मोठ्यानं म्हणलं होतं, मालक."

उठलेले लोक पुन्हा खाली बसले. आणि जानरावांना ते मोठ्यानं म्हणावं लागलं.