हाताचा गुण

सासूबाईंचा खांदा आखडला तेव्हा थोरल्या सुनेने तो स्वतःच्या हातात घेतला. फिजिओथेरपीचं क्लिनिक तिचंच होतं. रोज दुपारी ती त्यांना खाटेवर निजवून हात हळूहळू वर न्यायची आणि सासूबाई ओरडायच्या, “अगं, जीव घेतेस का माझा!”

मग धाकटी जाऊ अॅक्युपंक्चर शिकून त्याच क्लिनिकमध्ये आली. तिने सासूबाईंच्या खांद्यात केसासारख्या बारीक सुया टोचल्या आणि सासूबाई चक्क घोरायला लागल्या. उठल्यावर म्हणाल्या, “हिच्या हाताला गुण आहे गं!”

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. एवढे महिने आपण राबलो आणि गुण हिच्या हाताला?

त्यानंतर सासूबाईंनी व्यायामाला रजाच दिली. दुखणं गेलंय, आता कशाला? हात पुन्हा आखडत चालला होता. थोरलीला ते दिसत होतं. पण ती मूग गिळून बसली. दिसू दे की सगळ्यांना सुयांची करामत! घास घेतानाही सासूबाईंचा खांदा अडतो हे पाहून तिला आतून बरंच वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली, तरी तोंड उघडलं नाही.

शेवटी धाकटीच आली. “ताई, सुयांनी दुखणं दबतं, सांधा मोकळा होत नाही. सुया काढल्या की लगेच तुम्ही व्यायाम घ्याल? माझं त्या ऐकत नाहीत. तुम्हाला घाबरतात.”

“घाबरतात!” थोरली फणकारली. पण गेली.

सुया निघाल्या की ती हात धरायची. आता सासूबाई ओरडत नव्हत्या, त्यामुळे हात आणखी वर नेता यायचा. एके दिवशी त्यांनी स्वतःचा अंबाडा स्वतः घातला आणि धाकटीकडे वळल्या, “बघ, तुझ्या सुया!”

“सुया कसल्या, आई? ताईंचे हात,” धाकटी म्हणाली.

थोरलीला ते जास्तच झोंबलं. भांडायला निदान जागा तरी ठेवायची होती हिने! ती टॉवेलाच्या घड्या घालत राहिली, घातलेल्या मोडून पुन्हा घालत राहिली.

“उद्या लवकर ये,” पाठमोरीच ती म्हणाली. “मानेचा एक पेशंट आहे. माझ्या एकटीच्याने तो बरा होत नाहीये. मुद्दामच तुला सांगितलं नव्हतं.”