निम्मी बस

धाकटीने लॅपटॉप टेबलावर आपटला नाही एवढंच. बाकी राग काढायचा तेवढा बटणांवर काढून झाला होता. अकरा वाजता मीटिंग. ज्या औषधासाठी तिने दोन वर्षं हाडाची काडं केली, ते काम चालू ठेवायचं की बंद करायचं, हे मोठे सर तिथे ठरवणार होते. आणि पडद्यावर आलेखाचे दोन खांब जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी उभे होते. औषध न घातलेलं रक्त, तीस टक्के. औषध घातलेलं रक्त, तेही तीसच. दोन वर्षांत घोडं जागचं हललं नव्हतं.

आई समोर बसून वाटाणे सोलत होती. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून उभी राहिलेली बाई ती. निवृत्त झाली तरी आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोहोचायचा.

"तोंड पाडून काय बसलीस? दाखव तरी काय झालंय."

"तुला नाही कळायचं गं."

"तुम्ही तिघी बहिणी चालायला लागलात तेव्हापासून हेच ऐकतेय. दाखव."

धाकटीने दाखवलं. यंत्र रक्तातल्या पेशी एकेक करून प्रकाशाच्या झोतापुढून सोडतं आणि प्रत्येकीची नोंद ठेवतं. संगणकावर त्यांचे ठिपके उमटतात. आधी एका जातीच्या पेशींचं कुटुंब कुंपण घालून वेगळं करायचं, मग त्यातल्या लढायला जाग्या झालेल्या किती ते बघायचं. शेवटी ठरलेल्या साच्यातून तक्ता बाहेर काढायचा आणि त्याचे खांब करून मीटिंगमध्ये मांडायचे. साचा सगळ्या प्रयोगशाळेला एकच. वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. चालतंय ना, मग कशाला?

"जाग्या पेशी वाढायला हव्या होत्या. दोन्हीकडे तीस टक्केच निघाल्या."

"तीस टक्के कुणाचे?"

"त्या कुटुंबाचे."

"आणि कुटुंब केवढं?"

धाकटीने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यात नुसते टक्के होते.

"अगं, सकाळच्या पहिल्या फेरीला माझ्या बसमध्ये दहा माणसं, त्यात पाच बायका," आई म्हणाली. "संध्याकाळी साठ, त्यात तीस बायका. दोन्ही वेळा निम्मी बस बायकांचीच की! पण साहेबाला मी नुसतं 'निम्मी' सांगितलं असतं तर त्याने मलाच खाली उतरवलं असतं. चढले किती, ते सांग बाई!"

धाकटीने मूळ फाइली उघडल्या. साच्यात नसलेला, पेशींच्या संख्येचा रकाना मागवला. औषधाशिवाय कुटुंब चारशेचं, त्यात जाग्या एकशेवीस. औषधाबरोबर कुटुंब सोळाशेचं, जाग्या चारशेऐंशी. प्रत्येक नळीत रक्त सारखंच मोजून घातलं होतं ना? वही काढली, दोनदा ताडून पाहिलं. सारखंच होतं. औषधाने अख्खं कुटुंबच चौपट केलं होतं. जाग्या चौपट, झोपलेल्याही चौपट, मग टक्का बिचारा हलणार कुठून!

ती अशी किंचाळली की वाटाण्याचं ताट कलंडलं. आईच्या गळ्यात पडून तिने तिचे दोन्ही गाल ओढले.

"पुरे! वाटाणे मी उचलते. तू पळ."

मीटिंगमध्ये तिने काही लपवलं नाही. आधी टक्क्यांचे जुळे खांब दाखवले, मग संख्येचे. दुसरा खांब पहिल्याच्या डोक्यावरून थेट वर गेला. खोलीत चुळबुळ झाली. मोठ्या सरांसमोर भल्याभल्यांची बोबडी वळायची, आणि आज त्यांच्या कपाळाला आठी होती.

"ही संख्या आजपर्यंत तक्त्यात का नव्हती?"

"आपल्या साच्यात तो रकानाच नाही, सर."

"साचा कुणी केलाय?"

कुणाला ठाऊक नव्हतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी," ते म्हणाले. "तेव्हा टक्के पुरत होते. नंतर डोकंच चालवलं नाही." आणि ते चक्क हसले. "तुझं काम चालू राहील. वाढव."

धाकटीला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. तेवढ्यात तिची नजर मागच्या खुर्चीवर गेली. तिथे लंबू बसला होता, तिचाच सहकारी. गेल्या महिन्यात असेच जुळे खांब दाखवून त्याचं औषध बंद झालं होतं, आणि तेव्हापासून तो मीटिंगमध्ये अवाक्षर बोलत नव्हता.

"सर, लंबूचा तक्ताही याच साच्यातून निघाला होता."

सर स्वतः संगणकासमोर बसले. साच्यात नवा रकाना घातला, लंबूच्या फाइली शोधल्या. त्यांच्या पाठीमागे सगळे दाटीवाटीने उभे राहिले. लंबू मात्र भिंतीकडे तोंड करून होता.

"मला बघवत नाही. काय ते नुसतं सांगा."

बटणं दाबल्याचा आवाज आला.

"वळ रे," सर म्हणाले. "दुप्पट झाल्यात तुझ्या पेशी."

लंबू वळला. पडद्याकडे त्याने जेमतेम पाहिलं असेल नसेल, त्याने सरांनाच मिठी मारली. सरांना क्षणभर हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग ते हळूच त्याची पाठ थोपटू लागले, "चुकलं रे माझं, चुकलं" असं पुटपुटत. धाकटीला स्वतःचा चौपट खांब आठवलाही नाही. ती त्या दोघांकडे बघत हसत होती आणि डोळे पुसत होती.