तारेविना पेटलेली ट्यूबलाइट

मेडशीच्या बाजारातल्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लखलखबाबाच्या हातात ट्यूबलाइट होती. तिला ना तार, ना बटण, आणि तरी ती पेटलेली!

“ये ऊपरवाले का कनेक्शन है! ना मीटर, ना बिल!” बाबा गरजला. “ज्याच्या अंगावर हा उजेड पडन, त्याची मिरगी गेली समजा. पर गोळ्या सोडा. गोळी शक्तीले अडवते!”

पुढेच पंचफुला हात जोडून बसली होती. मांडीवर मिरगीच्या फिट येणारी तिची लेक पिंकी. पोरीची सकाळची गोळी दिलीच नव्हती. ते कळल्यावर मागे उभ्या असलेल्या तिच्या सासऱ्याच्या, भिवाजीच्या, तळपायाची आग मस्तकात गेली.

भिवाजी बिनतारी खात्यातून निवृत्त झालेला. घरी वाल्व्हचा जुना ट्रान्समीटर चालवून तो दूरदूरच्या हौशी मंडळींशी बोलायचा. यंत्र नीट जुळलं का, हे बघायला अश्शीच ट्यूब एरियलजवळ धरायचा. साऱ्या गल्लीनं ती पेटताना पाहिली होती. तेव्हा तो म्हाताऱ्याचा खुळा नाद होता, आणि इथे चमत्कार! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

ट्यूब पेटायच्या आधी दर वेळी चेला हेमसिंग गादीमागच्या पडद्यात हात घालत होता. भिवाजी तरातरा वर चढला आणि त्यानं पडदा ओढला. आत त्याच्या घरच्यासारखाच ट्रान्समीटर: तापून लाल झालेले काचेचे वाल्व्ह आणि काट्याचं मीटर.

“हात लावू नको, भस्म होशीन!” बाबा ओरडला.

“तेवढं मात्र खरं बोलला. आत हजार व्होल्ट हायेत. मी फक्त बटन फिरवतो.”

त्यानं बटण फिरवलं. मीटरचा काटा चढला आणि बाबाच्या हातातली ट्यूब विझली. हळूच उलटं फिरवलं, तसा काटा खाली आला आणि ट्यूब भक्कन पेटली.

“काटा तळाले आला म्हंजे मशीन जुळली. मंग लहरी बाहेर पडतात अन् त्यायनं ट्यूबमधला वायू चमकते. धनीबाई, धरा तुमी!”

भाजीवाल्या धनीबाईच्या हातातही ट्यूब पेटली. “माय वो! मी बी बाबा झाली!”

लोक हसले. बाबानं चपला तिथेच टाकून जीप गाठली. तरी मागून कोणीतरी म्हणालंच, “पर भिवाजीभाऊ, बाबाच्या हातात उजेड जरा जास्त पडे.”

भिवाजीनं कपाळावर हात मारून घेतला. “अरे, डोयानं पाहून राह्यले, तरी काहून पटत नाही? कोनी चमत्कार दाखवला का पहिले पडद्यामागं पाहा. पाहू देत नसन, तर उठून घरी जा. अन् डॉक्टरले इचारल्याबिगर कोनाचीबी गोळी बंद करू नका!”

पंचफुलानं खाली मान घालून पदराची गाठ सोडली. गोळ्यांचं पाकीट तिनं फेकलं नव्हतं.

“मामाजी,” ती म्हणाली, “पानी आना जरा.”