तीन संचांचा भात

बालाघाटच्या त्या कोचिंगमध्ये दोन बॅच होत्या. पहिलीत शिकवायला जिवंत मास्तर, दुसरीत भिंतीवरचा व्हिडिओ. फी मात्र दोन्हीकडे सारखीच, लाज नावाची चीज नाही. पहिलीत चाळीसच जागा. जीवशास्त्राच्या टेस्टची यादी लागली तेव्हा चाळिसाव्या नंबरावर देवश्री होती आणि एका गुणाने मागे पडलेली खुशी एक्केचाळिसाव्या.

तो एक गुण सरांनी खाल्ला, असं खुशीचं म्हणणं.

प्रश्न होता: आपण शिजवून खातो त्या पांढऱ्या तांदळाच्या पेशीत गुणसूत्रांचे संच किती? सगळ्या वर्गाने लिहिलं, दोन. लिहिणारच. धानाच्या मुलखातली पोरं ही. धान भिजवलं की चौथ्या दिवशी कोंब येतो, हे आजोबा-पणजोबांपासून पाहिलेलं. जे पेरतो तेच खातो, बियाण्यात जीव असतो, जिवाचे संच दोन. एकट्या खुशीने लिहिलं, तीन. तिचे बाबा, प्रेमलाल, वारासिवनीच्या राइस मिलमध्ये पॉलिशच्या मशीनवर कामाला. ती मशीन तांदळाचं काय काय खरवडून काढते, ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं.

सरांनी पेपर हातातसुद्धा घेतला नाही. "छपे हुए उत्तर में दो है। बात खतम।"

छापलं की देव झालं! आपल्याकडे एवढ्यावरच डोकी टेकतात.

बाहेर जिन्यात देवश्री तिची वाट अडवून उभी. "काहून तीन?"

"तुले काय करायचं? तुही जागा तर पक्की हाय."

"ते राहू दे. काहून तीन, ते सांग."

सरांना दाखवायला आणलेले मुठीतले तांदूळ खुशीने तिच्यासमोर धरले. "हे पाय, टोकाले खाच दिसते? इथं कोंब राह्यते. मशीन त्याले उडवून टाकते. मग उरलं काय? कोंबाची शिदोरी."

"सिद्ध कर."

देवश्री तहसीलमधल्या बाबूची पोरगी, तिला शेत माहीत नव्हतं, पण पुस्तक तोंडपाठ होतं. दोघींनी जिन्याच्या कोपऱ्यात दोन ओले रुमाल ठेवले, एकात टरफलासकट धान, एकात मिलचा तांदूळ. वर्गातलं लोकेश नावाचं आगाऊ पोट्टं रोज डोकावून जाई. "खिचडी बनवून राह्यल्या का वं?" तिसऱ्या दिवशी मात्र तो देवश्रीच्या कानाशी लागला. "पागल हायस का? तिले गुण भेटला तर तू बाहेर!"

"हौ, माहीत आहे," देवश्री म्हणाली आणि रुमालावर पाणी शिंपडलं.

चौथ्या दिवशी धानातून पांढरे कोंब डोकावले. तांदूळ आंबून घाण मारत होता. एकालाही कोंब नाही.

दोन्ही रुमाल सरांच्या टेबलावर उघडले. सरांनी नाक धरलं. "ये क्या तमाशा है?"

खुशी रुमालाची टोकं नीट करत राहिली. बाजूलाच देवश्री उभी. तिची जागा तिच्याच तोंडावर कशी मागायची?

देवश्रीने पुस्तक उघडलं. "सर, भ्रूणपोष. दोन मादी केंद्रकं, त्यात एक नर. तीन संच. भ्रूण मशीनमध्ये गेला, आपण खातो तो हा भ्रूणपोष. मेरा उत्तर गलत है, सर. इसका सही है।"

सरांनी ते पान दोनदा वाचलं. मग रुमालातला एक आंबट दाणा उचलून टोकाची खाच उजेडात बराच वेळ पाहिली. लाल पेन काढून खुशीचा गुण वाढवला, बाकी सगळ्यांचा कापला.

यादी बदलली. चाळीस, खुशी. एक्केचाळीस, देवश्री.

"राग नाही आला तुले?" जिन्यात खुशीने विचारलं.

"आला ना. खूप आला. आणि घरी बाबांना काय सांगू?" देवश्री पायरीवर बसली, नाक पुसलं. मग एकदम मान वर करून म्हणाली, "खुशी, नारळात पाणी असतं ना, ते पण भ्रूणपोषच का?"

"पाणी? पाण्यात कुठून संच येतील वं?"

"तेच तर!"

आत हजेरी सुरू झाली. सर नंबरवार पुकारत होते, पस्तीस, छत्तीस. खुशी दोन पायऱ्या चढली आणि परत खाली आली.

"पुस्तकातलं पान काढ लवकर," ती म्हणाली, "चाळीसले टाइम हाय."