ऑक्टोबरात न उतरवलेली बाटली

तीन वर्षं माझा थोरला भाऊ ओविड गावभर सांगत होता की माझ्या हातून खून झालाय. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सांगायचा, पत्ते पिसताना सांगायचा, माझ्याच घरी माझ्याच हातचा गंबोचा रस्सा ओरपताना सांगायचा. नवा पाहुणा आला की त्याच्यापुढे आधी कॉफी यायची आणि मग माझा खून. "ही माझी बहीण व्हर्ना. हिने हट्टापायी एका पाखराचा जीव घेतला." पाहुणा बिचारा कसनुसं हसायचा, आणि मी काही न बोलता त्याला भात वाढायची. मी, जिने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तीनशे पोरांना एका नजरेत गप्प बसवलं. माझ्या अंगाचा किती तिळपापड होत असेल ते तुम्हीच समजून घ्या.

आमच्याकडे मार्चमध्ये, सेंट जोसेफच्या दिवशी, घरोघर साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, रंगबिंग काही नाही. अख्खा समुद्र न थांबता ओलांडून हमिंगबर्ड येतात. अंगठ्याएवढा जीव, आणि दमून असा येतो की फांदीवर टेकल्यावर त्याचं ऊर धपापताना दिसतं. त्याला पहिला घोट आपल्या अंगणात मिळावा म्हणून बायकांची चढाओढ चालते. इथवर सगळं गाव एक आहे. भांडण ऑक्टोबरात सुरू होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सगळे बाटल्या उतरवतात, कारण म्हणे गोड मिळत राहिलं तर पाखरं लोभाने मागे राहतात, दक्षिणेला जायचं विसरतात आणि थंडीत मरतात. हे आमच्या आजोबांनी सांगितलं, वडिलांनी सांगितलं आणि ओविड सांगतो. प्रत्यक्ष बघितलंय का कोणी? कोणीही नाही.

मला याची चीड येते. दिवस लहान व्हायला लागला हे ज्या पाखराला आपल्या आधी कळतं, ते माझ्या बाटलीपायी मुक्काम वाढवेल? जाणारी जातातच. उलट पश्चिमेच्या डोंगरांतून येणारी दुसरी तांबूस पाखरं असतात, ती आपल्याकडे पोचतात नोव्हेंबरात. तोवर फुलं संपलेली, बागा छाटलेल्या, आणि अख्ख्या गावाने धर्मकार्य केल्यासारख्या बाटल्या धुऊन माळ्यावर टाकलेल्या. पाहुणा दारात यायच्या वेळेला चूल विझवून ठेवायची आणि वर म्हणायचं, त्याच्याच भल्यासाठी विझवली. म्हणून मी एक बाटली ठेवते. मागच्या ओसरीत, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

ओविड त्याच अंगणात, मागच्या लहान घरात राहतो. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. भातखाचरांचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कशी चालते ते आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत आहे. दर ऑक्टोबरात तो शिडी घेऊन यायचा आणि मी ती शिडी उचलून परत त्याच्या दारात ठेवायची.

मग एका नोव्हेंबरात ती आली. तांबूस मादी, गळ्यावर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका. मी मिस कॅलिस्टांना फोन केला. या बाई हिवाळ्यात गावोगाव फिरून अशी पाखरं पकडतात, पायात वाळं घालतात आणि सोडून देतात. वाळं इतकं बारीक की त्यावरचा आकडा भिंगातून वाचावा लागतो. आमचीच्या आकड्याचा शेवट चारशे सतरा. कॅलिस्टाबाईंनी तिला क्षणभर माझ्या तळहातावर ठेवलं. वजन असं लागलंच नाही, नुसती थरथर लागली. ओविड शेजारी उभा होता आणि तोंडाने टीका करत होता, पण त्याने टोपी काढलेली होती.

त्या दिवशी कॅलिस्टाबाईंनी ओसरीत बसून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की कडाक्याच्या थंडीत हे पाखरू अंगातली धग बंद करून गुंगीत जातं, कधी दांडीला उलटं लटकतं, हात लावला तरी दगडासारखं लागतं. त्याला तसंच राहू द्यायचं, ऊन लागलं की ते जागं होतं. दुसरी अशी की वाळंवालं पाखरू खरोखरच मेलं तर ते टाकायचं नाही, डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि त्यांना कळवायचं, वाळ्याची नोंद असते. ओविडने पहिली गोष्ट ऐकली नाही. तो तेव्हा माझ्या पेकनदाण्यांच्या केकचा दुसरा तुकडा शोधायला आत गेला होता. दुसरी मात्र त्याने अशी ऐकली जशी बायबलातून वाचून दाखवली.

पुढच्या नोव्हेंबरात तीच परत आली. तेच वाळं, तीच खिडकी. दीड-दोन हजार मैल जाऊन परत माझ्या ओसरीत. मी ओविडला ओढत आणलं आणि दाखवलं: बघ, अडकून पडली म्हणत होतास ना, उन्हाळ्यात कुठे होती ही? तो म्हणाला, नशिबाने वाचली.

तिसऱ्या हिवाळ्यातही ती आली, आणि जानेवारीत माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, लाफायेतच्या इस्पितळात, बुधवारी. नेमकी त्याच रात्री बर्फाळ थंडी येणार असं रेडिओवर सांगत होते. मी ओविडला समोर बसवून सगळं घोकवून घेतलं. अंधार पडला की बाटली घरात घ्यायची, नाहीतर पाणी गोठून काच फुटते. पहाटे साडेपाचला परत टांगायची, कारण ती उठते ती उपाशी उठते. तो म्हणाला, हे सगळे चोचले तुझ्या हट्टामुळे. ऑक्टोबरात उतरवली असतीस तर पाखरू आज मेक्सिकोत ऊन खात बसलं असतं. पण करीन म्हणाला.

ऑपरेशन झालं आणि पुलांवर बर्फ धरलं म्हणून रस्ते बंद झाले. तिथेच राहणाऱ्या भाचीने मला तिच्याकडे ठेवून घेतलं. गुरुवारी दुपारी निघालो तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती आणि गाडीतच भाचीचा फोन वाजला. ओविडने सकाळपासून अर्ध्या नातेवाइकांना कळवलं होतं: व्हर्नाचं पाखरू थंडीने मेलं, मी दहा वर्षं सांगत होतो. मला एकटीला सोडून सगळ्यांना कळवलं होतं. घर येईपर्यंत मी त्याला काय काय बोलणार हे मनात जुळवत होते, आणि भाची उगाचच गाडी हळू चालवत होती.

मागच्या ओसरीत गेले आणि जुळवलेलं सगळं अडखळलं. बाटलीच्या खाली ओविडने त्याचा पंपावर काम करायचा दिवा बांधला होता, पाणी गोठू नये म्हणून. त्याची वायर अख्खं अंगण ओलांडून त्याच्या घरातून आणली होती. शेजारी त्याची खुर्ची, घोंगडी, आणि कॉफीचे तीन कप, एकाच्या तळाशी बर्फाची चकती. म्हातारा पहाटेपासून तिथे बसला होता. मी सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधीपासून.

तो आतून आला. डोळे लाल होते. "सात वाजता बघितलं तर उलटी लटकलेली होती," तो म्हणाला. "हातात घेतली, लाकूड झाली होती. स्वयंपाकघरात नेऊन नीट पुसली, गुंडाळली. डबा फ्रीजरमध्ये आहे." आणि लगेच मान ताठ करून म्हणाला, "तुझ्या बाटलीने मारली तिला."

उलटी लटकलेली. मी सरळ आत जाऊन फ्रीजर उघडला. कोळंबीच्या पुड्यांमध्ये लोण्याचा पिवळा डबा होता, झाकणावर ओविडच्या मोठ्या अक्षरात तारीख आणि 'चारशे सतरा'. झाकण काढलं. कागदी रुमालाची घडी उलगडलेली होती. ती रुमालात नव्हती. डब्याच्या कडेला, झाकणाच्या बाजूला चोच करून होती, पंख अर्धे उघडलेले, आणि एका पायाच्या नखांत रुमालाचा फाटका तुकडा घट्ट धरलेला.

स्वयंपाकघराच्या उबेत ती जागी व्हायला लागली होती. त्याने जीव ओतून पुसून, गुंडाळून तिला आत ठेवलं, आणि ती तिथे जागी झाली.

मी झाकण लावलं. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायला समोर होता कोण, तर हा शहात्तर वर्षांचा माणूस, ज्याची बोटं थंडीने अजून वळत नव्हती. एक वाक्य बोलले असते तर मी जिंकले असते. अख्ख्या गावासमोर, कायमची. ओविड त्या वाक्यानंतर उठून उभा राहिला असता असं मला वाटत नाही.

"हो," मी म्हणाले. "बाटलीनेच मेली असेल."

त्याने माझ्याकडे चमकून बघितलं. मी जन्मात पहिल्यांदा त्याचं म्हणणं मान्य केलं होतं.

शनिवारी कॅलिस्टाबाई डबा न्यायला आल्या. त्यांनी झाकण उघडलं, बघितलं, आणि बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मी त्यांचा पाय माझ्या बुटाखाली दाबला. गाडीपर्यंत पोचवायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना सांगायला हवं, व्हर्ना. नाहीतर ते परत असंच करतील." मी म्हणाले, मी आहे ना, मी त्याच्या आधी उठेन.

आणि मग सुरू झालं ते तुम्हाला सुरुवातीला सांगितलंच. तीन वर्षं. याच्याशिवाय दर ऑक्टोबरात शिडी. शिडी मी दर वेळी परत पाठवली. खून कबूल, पण बाटली उतरवणार नाही. गाव म्हणायचं, बाईला लाज कशी वाटत नाही.

पहिले दोन हिवाळे ऊबदार गेले. तिसऱ्यात, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, नवी तांबूस मादी आली, आणि जानेवारीत तशीच थंडी सांगितली. नेमकी मी तापाने अंथरुणात. उठून बाथरूमपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागत होती. संध्याकाळी ओविड न बोलावता आला, दिवा बांधला, खुर्ची मांडली, आणि मला ऐकू जाईल असं पुटपुटला की आता हीसुद्धा मारशील. मी पडल्या पडल्या विचार करून थकले. शेवटी त्याला आत बोलावलं.

"एक ऐक. मेलेली दिसली तरी तिला हात लावायचा नाही."

"का?"

"माझं पाखरू आहे. मेलं तर आधी मी बघणार. ऊन चांगलं वर येईपर्यंत जिथे असेल तिथे राहू दे."

"उलटी लटकलेली असली तरी?"

"उलटी असो, सुलटी असो. हात लावलास तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

याला बाईचा तऱ्हेवाईकपणा म्हणून तो निघून गेला. मला वाटलं, जमलं.

सकाळी मी भिंत धरत स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले आणि बघितलं. ओविड खुर्चीत नव्हता, उभा होता. बाटलीच्या दांडीला ती उलटी लटकलेली होती, एका पायावर, वाळलेल्या पानासारखी. त्याचे दोन्ही हात खिशात होते. तो तिथे किती वेळ उभा होता कोण जाणे. ऊन कुंपणावरून उतरलं, ओसरीच्या खांबावर आलं, मग तिच्यावर आलं. बराच वेळ काही नाही. मग तिची शेपटी हलली, अंगाला कापरं भरलं, ती झटक्यात सुलटी झाली, साखरपाणी प्यायली, आणि उडून कुंपणावरच्या वेलीत गेली.

ओविड तसाच उभा राहिला. मला त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि ती मला बघवेना.

आत आला तेव्हा त्याने टोपी काढलेली होती. अंथरुणावर माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "व्हर्ना, त्या वेळची ती..."

"ती मेलीच होती," मी म्हणाले. "कॅलिस्टाबाईंनी तपासलं. जा, कॉफी टाक."

त्याने कॉफी टाकली. माझ्यावर विश्वास ठेवला का, ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्याने ती गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. चर्चच्या पायऱ्यांवर नाही, पत्त्यांच्या डावात नाही. या ऑक्टोबरात शिडीही आली नाही. त्याच्या ओसरीत बघितलं तर त्याचीही बाटली तशीच टांगलेली, स्वच्छ धुतलेली, ताज्या पाण्याची.

आणि याचाच मला आता संताप येतो. तीन वर्षं दातओठ खाऊन मी ते ऐकलं ते काय याच्यासाठी? म्हणून हल्ली पाहुणा आला की मीच सुरू करते. कॉफी ठेवते, भात वाढते आणि सांगते की मी हट्टी बाई, माझ्या बाटलीपायी एक पाखरू मेलं, या माझ्या भावाला विचारा, तो दहा वर्षं सांगत होता. मग मी ओविडकडे बघते आणि थांबते. नुसतं 'हो' म्हणायचंय त्याला, पूर्वी म्हणायचा तसं, छाती काढून. तो मान खाली घालून गंबोत भात कालवत राहतो.

हो म्हण ना, मेल्या.