रसिकाचं रक्त

सोसायटीच्या रक्तदान शिबिरातून रसिका हाताला पट्टी लावून नाचत घरी आली.

"आई, मी रक्त दिलं!"

थॅलेसेमियाची पोर ही, आता एकोणीस वर्षांची. दर पंधरा-वीस दिवसांनी कुणातरी अनोळखी माणसाचं रक्त चढायचं, तेव्हा कुठे हिच्या गालांवर रंग यायचा. चार वर्षांपूर्वी एका चाचणी-उपचारात हिच्याच मूळपेशी काढून, त्यांतल्या जनुकात बदल करून परत सोडल्या. तेव्हापासून एक पिशवी लागली नाही. पोरगी ठणठणीत झाली म्हणून आमच्या सगळ्या गोत्री भागात मीच मिरवत होते.

"अगं बये, रक्त द्यायचं नाही म्हणून बजावलंय ना डॉक्टरांनी? पंधरा वर्षं तुझ्यावर लक्ष ठेवणार आहेत, ते काय हौस म्हणून?"

"ते सावधगिरी म्हणून गं. शिबिरात विचारलं, काही आजार? म्हटलं, नाही. तूच तर सगळ्यांना सांगतेस! इतक्या जणांचं घेतलं, एक पिशवी परत दिली तर काय बिघडलं?"

असा संताप आला! तिला स्कूटरवर बसवलं आणि तडक शिबिर घेणारी रक्तपेढी गाठली. ताजी पिशवी आधी थॅलेसेमियाच्या पोरांना देतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तपासणीशिवाय देत नाहीत हेही ठाऊक होतं, पण डोकं कुठे ऐकतंय. प्रत्येक सिग्नलला मी हॉर्न बडवत होते.

पेढीतले धवलभाई आम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात. "शालिनीबेन! केम, रसिकाला परत लोही चढवायचं?"

"तिने दिलंय. ती पिशवी बाजूला काढा."

"पण तुम्हीच तर सांगितलेलं, एकदम सारी थई गई, बरी झाली?"

रसिका शेजारीच उभी, माझ्या तोंडाकडे बघत. नाही म्हणावं तर तिच्यासमोर कसं? हो म्हणावं तर ती पिशवी कुणाच्यातरी लेकराला जाणार.

"आज बरी आहे," मी म्हटलं. "त्या बदललेल्या पेशी पुढे काय करतील, कॅन्सर होईल की काहीच होणार नाही, ते अजून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. दुसऱ्याच्या पोराला नको."

घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. धवलभाईंनी पिशवी शोधून आणली, तिच्यावर फुली मारली आणि टाकून द्यायच्या डब्यात ठेवली.

"दुसऱ्याच्या पोराला नको," रसिका हळूच म्हणाली, "आणि माझ्या अंगात उरलंय त्याचं काय, आई?"

मी तिथेच, सगळ्यांदेखत तिला पोटाशी धरलं आणि रडले.