ज्यांना थांबा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि वय झालं तरी माझी चौकशीची खोड काही गेलेली नाही. १९९० साली मोरिवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात मी आलो. माझ्यासाठी खास एसी बसवला होता. भलेभले साहेब चपला बाहेर काढून मला बघायला येत.

कारखान्यात अधूनमधून कामगारांचं रक्त तपासत. त्या दिवशी कोणाकोणाला बोलवायचं, त्याची यादी मी छापायचो. एका तक्त्यात कामगारांची नावं, दुसऱ्यात कंपनीच्या बसचे थांबे. दोन्ही जोडून मी एकेका थांब्याची माणसं एकत्र आणायचो. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून चालत येणाऱ्यांना थांबाच नव्हता. त्यांचं नाव छापून मी शेजारची जागा कोरी ठेवायचो.

मग माझ्यात याद्या जुळवणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती भरली. काय वेग आला म्हणून सांगू! मी स्वतःवरच खूश होतो. यादी मात्र आखूड निघाली. ज्यांची जोडी दोन्हीकडे जुळली, तेवढीच नावं नव्या आवृत्तीने बाहेर सोडली. पाड्यांवरून चालत येणारे येसू, देऊ आणि गोमा माझ्या पोटात शाबूत होते, कागदावर नव्हते. हे कसं झालं, याचं मला भारी नवल वाटलं.

फाटकावर हजेरी घेणारा चंदू ती यादी पुकारायचा. हे तिघं ठेकेदाराकडचे, आणि ठेकेदाराच्या माणसांत रिवाजच असा, की नाव पुकारलं नाही म्हणजे काम सुटलं. तिघं फाटकावरूनच माघारी गेली. येसू रंगाची पोती भरायची, आणि तिला बरेच दिवस चक्कर येत होती. तपासणीची खरी गरज तिलाच होती.

ती कामावर दिसेना, तेव्हा माझ्यावर काम करणाऱ्या वृंदाताईंनी जुनी यादी नवीशेजारी ठेवली. तीन नावं गळलेली त्यांना दिसली. चंदूने तोड सुचवली, की तिघांना बदलापूर गावचा थांबा टाकून मोकळं व्हावं.

“खोटा थांबा नको,” वृंदाताई म्हणाल्या. “जागा कोरी राहू दे. नाव राहिलं पाहिजे.”

त्यांनी जोडणीची आज्ञा बदलली आणि स्वतः पाड्यावर जाऊन तिघांना बोलावून आल्या. दुसऱ्या दिवशी येसू माझ्यासमोर उभी होती.

“बाय, नाव नाय पुकारला, म्हनून आमी घरा गेलो,” ती म्हणाली. “कोनाला इचारायचा?”

तपासणीत दिसलं, की तिच्या रक्तात रंगातल्या शिशाचं विष उतरू लागलं होतं. वेळेत कळलं, म्हणून औषध सुरू झालं आणि तिला पोत्यांवरून हलवून बागेत काम दिलं. मला फार बरं वाटलं.

आता मी उल्हासनगरला एका भंगारवाल्याकडे पडून आहे. माझी धूळ पुसा, असं मी म्हणत नाही. नवं यंत्र आणलंत की त्याचा वेग जरूर बघा. पण मित्रांनो, कोण दिसेनासं झालं, तेही शोधा. ती माणसं भांडायला येत नाहीत. ती घरी निघून जातात.